सहल जवळची चालेल, पण सगळ्या वर्गाची हवी

पत्र : मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून एकतीस मुलं आहेत. गेल्या वर्षी आम्ही एका दिवसात पाच ठिकाणं केली. पहाटे साडेचारला निघालो, रात्री दहाला परतलो. निम्मी मुलं उलट्या करून गाडीतच झोपली. दुसऱ्या दिवशी सहलीवर लिहायला सांगितलं, तर सगळ्यांच्या वहीत एकच वाक्य : 'खूप मजा आली.' नऊ मुलं आलीच नाहीत. घरी वर्गणी परवडली नाही, पण तसं कोणी बोललं नाही. 'पोट दुखतंय' म्हणाली. यंदा पालक म्हणतात वॉटर पार्कला न्या, शेजारच्या इंग्रजी शाळेची मुलं जाऊन आली. माणशी नऊशे रुपये. मला मुलांना जवळच कुठेतरी न्यावंसं वाटतं, पण इथे दाखवण्यासारखं आहे काय? आणि मुलं काही शिकून परत यावीत म्हणून नेमकं काय करू?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातल्या त्या 'पोट दुखतंय'पाशी मी बराच वेळ थांबले. आठ-नऊ वर्षांचं मूल घरची अडचण झाकायला खोटं दुखणं सांगतं, म्हणजे घरातलं सगळं त्याला कळतंय आणि ते एकट्याने सोसतंय. म्हणून तुमच्या बाकीच्या प्रश्नांआधी एक अट घालते. पैशांपायी वर्गातलं एकही मूल मागे राहणार असेल, तर ती सहल शाळेने काढू नये. ठिकाण मागाहून ठरवा, आधी रक्कम ठरवा. सगळ्यात ओढग्रस्त घराला उसनं न मागता जमेल तेवढीच ती असावी, आणि शून्य असेल तर फारच उत्तम. 'ज्यांना परवडत नाही त्यांनी बाईंना भेटा' असंही जाहीर करू नका. कोणी भेटायला येत नाही, आणि आलंच तर मान खाली घालून येतं.

वॉटर पार्कबद्दल माझी तक्रार नाही. मुलांना पाण्यात डुंबायला आवडतं, आई-वडिलांनी सुटीत खुशाल न्यावं. शाळेने मात्र असं काही करावं जे घरून होणार नाही. आणि त्यासाठी लांब जावं लागतच नाही.

तुम्ही विचारता, इथे दाखवण्यासारखं आहे काय. ताई, तुमच्या तालुक्यात शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे, खोडदची महाकाय दुर्बीण आहे, कुकडी आणि मीना या नद्या आहेत, नारायणगावचा टोमॅटो बाजार आहे. महाराष्ट्रात इतकी श्रीमंती फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आली आहे. पण यातली पाच ठिकाणं एका दिवसात केलीत तर वहीत पुन्हा तेच वाक्य येईल. एका दिवशी एकच ठिकाण, आणि त्या ठिकाणी मुलांच्या हाताला एक काम. मला सांगायचं आहे ते एवढंच. ते कसं जमवायचं ते पुढे लिहिते.

नाणेघाटापासून सुरू करू, कारण तिसरी-चौथीला त्याच्याइतकं देणारी जागा मला दुसरी ठाऊक नाही. जुन्नरहून साधारण तासाभराची वाट. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल कोकणातून याच घाटाने जुन्नरकडे वर चढायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. थोडं खाली गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची नोंद आहे : इतक्या गायी, इतके घोडे, इतके हत्ती, इतकी नाणी. म्हणजे त्या भिंतीवर आकडे आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. भारतातल्या अंकलेखनाच्या फार जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते.

ते आकडे लिहिण्याची रीत अशी. एकसाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन आडव्या रेघा. दहाला स्वतंत्र चिन्ह, शंभराला स्वतंत्र, हजारालाही स्वतंत्र. शून्य नाही. तिसरीच्या मुलांना एकक-दशक-शतक शिकवताना आपला घसा कोरडा पडतो, '२०३' लिहायला सांगितलं की निम्मी मुलं '२३' नाहीतर '२००३' लिहितात. सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात सांगा, आपल्याकडे शून्य नाहीच असं समजा. दहासाठी एक खूण तुम्ही ठरवा, शंभरासाठी एक. आता दोनशे तीन लिहा. मुलं शंभराची खूण दोनदा काढतील, पुढे तीन रेघा मारतील, आणि बरोबर लिहितील. मग नऊशे नव्व्याण्णव लिहायला सांगा. खुणा काढून काढून हात दुखले की एखादं मूल आपणहून म्हणेल, 'बाई, आपलंच बरं आहे की.' का बरं आहे, ते त्यालाच सांगू द्या. मधली जागा रिकामी आहे हे दाखवायला शून्य लागतं, हे त्या मुलाला तेव्हा जेवढं कळेल तेवढं फळ्यावरून कळत नाही.

मग नाणेघाटात गेल्यावर तुम्ही भाषण करायचं नाही. मुलांना भिंतीवर आडव्या रेघा शोधू द्या. लेख झिजला आहे, सगळं दिसणार नाही, तरी शोधू द्या. हात लावायचा नाही, खडू फिरवायचा नाही, हे आधीच बजावा आणि का ते सांगा : दोन हजार वर्षं टिकलेलं अक्षर आपल्या बोटाने पुसायला नको. गुहेच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता जवळपास पावलंच उरली आहेत. त्यांच्यासमोर मुलांना बसवा आणि वरची माणसं कशी असतील ते कागदावर काढायला लावा. एकतीस चित्रं एकतीस तऱ्हेची होतील.

जकातीचा खेळ मात्र घाटाच्या तोंडाशी नको, मागच्या मोकळ्या सपाटीवर किंवा परत आल्यावर शाळेच्या अंगणात घ्या. काही मुलं व्यापारी, काही जकातदार. कोणाच्या पाठीवर मीठ, कोणाच्या कापड, कोणाच्या धान्य. दहा गोण्यांमागे एक चिंचोका जकात. पस्तीस गोण्या असतील तर किती घ्यायची? इथे भांडण होणार, आणि ते होऊ द्या. उरलेल्या पाच गोण्यांचं काय करायचं याचा नियम मुलांनीच ठरवला, तर भागाकारातली बाकी त्यांना आयुष्यभर विसरता येणार नाही.

धोका तिथे आहे, तो लपवून उपयोग नाही. कडा सरळ आहे, वारा जोराचा असतो, माकडं हातातला खाऊ ओढतात. पावसाळ्यात मुलांना नेऊच नका, तेव्हा निसरडंही असतं आणि गर्दीही. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस चांगले. आठवडाभर आधी तुम्ही आणि शाळा व्यवस्थापन समितीतलं कोणीतरी स्वतः जाऊन या. गाडी कुठे थांबेल, मुली लघवीला कुठे जातील, प्यायचं पाणी कुठे आहे, कड्यापासून किती अलीकडे दोरी धरायची, हे डोळ्यांनी पाहून ठरवा. मुलींच्या सोयीचा प्रश्न तर आपण नेहमी शेवटी विचारतो आणि मुली दिवसभर पाणी न पिता बसतात. सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. प्रत्येक मुलाच्या गळ्यात नाव आणि शाळेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. नदी, धरण, समुद्र असलेल्या ठिकाणी 'फक्त पाय भिजवू' हे वाक्यच काढू देऊ नका. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहलीला गेलेली मुलं बुडाली. ती तर मोठी मुलं होती.

शिवनेरीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे तुमची मुलं बहुधा जाऊन आलेली असतील. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक आहे, त्यामुळे पाळणा, जन्मस्थान, १६३० साल हे सगळ्यांना पाठ असतं. गडावर नेलंत तर एकच प्रश्न घेऊन जा : इतकी माणसं वर राहायची, तर पाणी कुठून यायचं? गंगा-जमुना टाकी, बाकीची कातळात खोदलेली टाकी, तलाव, सगळं मुलांना शोधू द्या, नकाशावर खुणा करू द्या. अंबरखान्याशी, म्हणजे गडावरच्या धान्याच्या कोठाराशी पोचलात की दुसरा प्रश्न मुलंच विचारतील, मग खायचं काय? एक इशारा. शिवनेरीवर आग्या मोहोळं असतात आणि माशा उठल्याच्या घटना तिथे झाल्या आहेत. धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं, यातलं काहीही नको. जाण्याआधी वन विभागाच्या माणसांना विचारून घ्या.

खोडदच्या दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, आणि त्या पंचवीस-एक किलोमीटरच्या पट्ट्यात इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर म्हणजे केवढं, हे आठ वर्षांच्या मुलाला आकड्यावरून काय कळणार? साडेबावीस मीटरची दोरी घ्या, मैदानाच्या मध्ये एका मुलाला टोक धरून उभं करा, दुसरं टोक धरून दुसऱ्याने गोल फिरावं आणि बाकीच्यांनी मागोमाग फक्कीची रेघ मारत जावं. मैदान पुरलं नाही तर तीही मोठी शिकवण आहे. मग गावदरीच्या मोकळ्या रानात जा. सगळी मुलं त्या वर्तुळात उभी राहिली की विचारा, एवढी थाळी आकाशाकडे तोंड करून कशासाठी ठेवली असेल? दूरवरच्या ताऱ्यांकडून, आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी फार क्षीण असतात, त्या गोळा करायला मोठी थाळी लागते. दोन्ही तळवे कानांमागे धरून लांबचा आवाज ऐकायला लावा, फरक त्यांचा त्यांना कळेल. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे शाळांसाठी प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण पाहता येते. पण त्या दिवशी गर्दी फार असते. लहान मुलांना न्यायचं तर सकाळी लवकर पोचा आणि दुपारच्या आत निघा.

आता पालकांचं. तुमचे पालक एक गोष्ट नक्की म्हणतील, आणि ती मला रास्त वाटते : 'शेतात आणि बाजारातच न्यायचं, तर शाळेत कशाला घालायचं? ते तर पोरं रोज बघतात.' यावर त्यांना व्याख्यान देऊ नका. एका शनिवारी मुलांना नारायणगावच्या उपबाजारात न्या आणि दोन-तीन पालकांनाच बरोबर घ्या. मुलांना काम द्या. टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं. आज भाव काय फुटला. म्हणजे किलोला किती पडले? हमाली किती गेली? गाडीभाडं किती? रोपं, बांबू, तार, सुतळी, औषधं, यांना काय लागलं ते घरी विचारून यायचं. शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, मुलांनी वाचायची, तिच्यातली प्रत्येक ओळ कशाची ते विचारायचं. रोज टोमॅटो तोडणाऱ्या घरातल्या मुलाने हा हिशेब कधी मांडलेला नसतो. एकदा मांडला की तो वडिलांशी वेगळं बोलायला लागतो, आणि वडिलांना त्या दिवशी शाळेचं महत्त्व पटतं. एवढं सांभाळा : पट्टी कोणाच्या घरची आहे हे वर्गात बोलायचं नाही. भाव पडलेल्या साली कोणाचं किती नुकसान झालं हे पोरांच्या तोंडी नको. जुनी, नाव कापलेली पट्टी वापरा.

आणि ती मागे राहिलेली नऊ मुलं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की त्यांतली काही वाडी-वस्तीवरची, ठाकर किंवा महादेव कोळी घरांतली असावीत. त्यांच्या आज्यांना रानातलं जे ठाऊक आहे ते तुम्हाला-मला ठाऊक नाही. पावसाच्या सुरुवातीला एका आजीला बोलवा आणि वर्ग तिच्या मागे रानात जाऊ द्या. टाकळा कुठे उगवतो, कुर्डू कोवळी कधी खुडायची, भारंगी कडू लागू नये म्हणून काय करायचं, कुठल्या पाल्याला अजिबात हात लावायचा नाही. ओळखायचं तिने, खुडायचं तिच्या देखत, आणि तिने हो म्हटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मुलांनी पानं वहीत दाबून ठेवावीत, शेजारी आजीने सांगितलेलं नाव लिहावं, तिच्या बोलीतलं असेल तसं. सहलीला पोट दुखणारं पोर त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे चालेल, कारण वाट त्याच्या घरची असेल.

हे काही मी नव्याने सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली : गुरं चरत असतील तिथेच शिक्षिका जायची. बिया, शिंपले, खडे, पानं हेच साहित्य. ती मुलं शाळेला आपली मानायला लागली ती अशी. तुमच्या शाळेला जुन्नरचं रान मिळालं आहे, ते वापरा.

बाकीच्या शनिवारी छोटी कामं चालतील. २०२४ पासून आपल्याकडे पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' हा सरकारी उपक्रम आहेच, त्यामुळे वेगळी परवानगी मागत बसावं लागत नाही. पोस्टात जा, प्रत्येकाने घरच्या पत्त्यावर कार्ड लिहावं, शिक्का मारताना बघावं आणि ते घरी कोणत्या वारी पोचतं याची नोंद ठेवावी. पिन कोड कशासाठी असतो हा धडा मग वेगळा शिकवावा लागत नाही. लोहार असेल तर विळ्याला पाणी देताना दाखवा, पण तासभर, आणि तापल्या लोखंडापासून लांब उभं करून. गावाबाहेर जाल तेव्हा मात्र गटशिक्षण कार्यालयाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं आधी घ्या. गाडी एसटीचीच करा. शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत मिळते. आगारात लवकर अर्ज दिला नाही तर हिवाळ्यात गाडी मिळत नाही.

परत आल्यावर 'आमची सहल' हा निबंध देऊ नका. गेल्या वर्षीचं ते एकच वाक्य मुलांचं नव्हतंच, आपण वर्षानुवर्षं ज्याला पूर्ण मार्क दिले ते वाक्य त्यांनी लिहिलं. त्याऐवजी प्रत्येकाला विचारा, तू असं काय पाहिलंस जे शेजारच्याने पाहिलं नाही? लिहिता न येणाऱ्याने सांगावं, तुम्ही लिहून घ्या. तिसरीतल्या कच्च्या मुलाला स्वतःचं बोलणं कागदावर उमटलेलं दिसलं की ते वाचायचा प्रयत्न तो करतोच. निपुणच्या, म्हणजे वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या, चाचणीआधीची घाई मी जाणते, पण हे वाचन त्या घाईच्या आड येणार नाही, उलट त्याच कामी पडेल. एक मोठा कागद भिंतीला लावा, त्यावर फक्त मुलांचे अनुत्तरित प्रश्न. नाणेघाटाहून आल्यावर 'रांजण भरला की पैसे कोण न्यायचं?' असा प्रश्न आला आणि तुम्हाला उत्तर माहीत नसेल, तर तसं सांगा आणि प्रश्न भिंतीवर राहू द्या.

पालक सभा बाजाराच्या शनिवारनंतर घ्या, आधी नको. भिंतीवरचे प्रश्न आणि टोमॅटोचा हिशेब त्यांना बघू द्या, बोलायचं ते मुलांना बोलू द्या. मग नाणेघाटाचा विषय काढा. खर्चात राहतं फक्त एसटीचं भाडं. डबा घरचा, पाणी शाळेचं. सवलतीनंतरची रक्कम एकतीस जणांत वाटूनही एखाद्या घराला जड वाटत असेल, तर ग्रामपंचायतीकडे किंवा गावच्या सोसायटीकडे संपूर्ण गाडीचे पैसे मागा, 'गरीब मुलांसाठी' असं न म्हणता, सगळ्या वर्गासाठी. आगारातला अर्ज मात्र उद्याच टाका.